साध्या चालीवर जॅझची नक्षी: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

जॅझ इम्प्रोव्हायझेशनबद्दल (वाजवता वाजवता स्वतःचं रचणं) आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत अडचण एकच दिसते: स्केल (पट्टीतले स्वर ओळीने) येतात, सोलो (एकट्याने रचत वाजवणं) येत नाही. म्हणून या वेळी सगळी उत्तरं एका साध्या चालीभोवती घेतली आहेत. स्वरांची नावं सी, डी, ई अशी पाश्चात्त्य पद्धतीची आहेत, पट्टी सी मेजर आहे आणि चार मात्रांचा एक बार धरला आहे.

बाराही मेजर स्केल पाठ आहेत, कॉर्डही (एकत्र वाजणारे स्वरसमूह) ओळखता येतात. पण बॅकिंग ट्रॅक (साथीचं रेकॉर्डिंग) सुरू झाला की स्केल वर-खाली पळवण्यापलीकडे काही सुचत नाही. काय चुकतंय? (एक सॅक्सोफोनवादक)

चुकत काही नाही, सुरुवात भलत्या टोकाकडून झाली आहे. स्केलमध्ये सातही स्वर सारख्याच वजनाचे असतात. कुठे थांबायचं, कुठून पटकन निसटायचं, श्वास कुठे घ्यायचा, यातलं काहीच स्केल सांगत नाही. हे सगळं चालीत आयतं असतं. तेव्हा काही महिने नवीन काही रचायचं मनातून काढून टाका. एक चाल घ्या आणि तिलाच थोडंथोडं हलवा.

चाल निवडताना आठ ते सोळा बारांची घ्या. स्वर बहुतेक एक-दोन मात्रांचे असावेत, पल्ला साधारण एका सप्तकाचा असावा, आणि कॉर्ड एका बारात एकदाच बदलावा. लांब स्वर असलेली चाल हवी, कारण नक्षीला जागा तिथेच मिळते. जी चाल आधीच अर्ध्या मात्रांनी खच्चून भरली आहे, तिच्यात तुम्ही भर घातली की नुसता गलका होतो. बीबॉप या जलद, गुंतागुंतीच्या जॅझशैलीतल्या चालींच्या वाटेला एवढ्यात जाऊ नका.

ती चाल आली आहे का, हे तीन गोष्टींवरून ठरवा. वाद्य खाली ठेवून ती गाता आली पाहिजे. कुठल्याही बारचा पहिला स्वर विचारला तर न वाजवता सांगता आला पाहिजे. आणि मेट्रोनोम (मात्रांची टकटक देणारं यंत्र) चालू ठेवून चार बार पूर्ण गप्प राहिल्यावर पाचव्या बारात नेमकं आत शिरता आलं पाहिजे. बहुतेकांची गाडी इथे अडते, आणि सोलोत पुढे जाऊन जो बार हरवतो त्याचं मूळही हेच. शब्द असलेलं गाणं असेल तर शब्दही पाठ करा. लेस्टर यंगसारखा टेनर सॅक्सोफोनवादक गाण्याचे शब्द माहीत असावेत असा आग्रह धरायचा. शब्द मनात असले की वाक्य कुठे संपतं हे बोटांना वेगळं शिकवावं लागत नाही.

चाल सजवायची म्हणजे नेमकं काय करायचं? स्वर लिहून दाखवाल का?

हो. चार बारांची एक चाल या उत्तरापुरती घेऊ.

पहिला बार, कॉर्ड सी मेजर: ई दोन मात्रा, जी दोन मात्रा.
दुसरा बार, ए मायनर सेव्हन: ए तीन मात्रा, जी एक मात्रा.
तिसरा बार, डी मायनर सेव्हन: एफ दोन मात्रा, डी दोन मात्रा.
चौथा बार, जी सेव्हन: खालचा बी चार मात्रा. आणि पुन्हा पहिल्या बारातल्या ई वर.

चालीतला प्रत्येक स्वर त्या-त्या कॉर्डमधलाच आहे. असं मुद्दाम ठेवलं आहे, म्हणजे बाहेरचा स्वर आला की तो तुम्ही आणलेला आहे हे लगेच कळेल.

सर्वांत आधी स्वरांना हात लावायचा नाही, फक्त त्यांची वेळ बदलायची. दुसऱ्या बारातला ए अर्धी मात्रा आधी घ्या, म्हणजे पहिल्या बारातल्या चौथ्या मात्रेच्या मध्यावर. जी तेवढा आखूड होईल, दीड मात्रेचा. पुढच्या फेरीत तिसऱ्या बारातला एफ पहिल्या मात्रेवर न घेता अर्धी मात्रा उशिरा घ्या. त्याच्या पुढच्या फेरीत पहिल्या बारातला ई एकदाच न वाजवता तीनदा वाजवा: अर्धी मात्रा, अर्धी मात्रा, एक मात्रा. स्वर तेच आहेत, एकही नवा नाही, तरी चाल जॅझसारखी बोलू लागते. लुई आर्मस्ट्राँगचं गाणं आणि ट्रंपेट दोन्ही ऐका. चालीतल्या चढउताराच्या जागी एकच स्वर परतपरत घेणं आणि शब्द लयीच्या मागेपुढे टाकणं यांवर त्याने किती काम भागवलं आहे ते कळेल. या पायरीला किमान एक आठवडा द्या. कंटाळवाणी वाटते म्हणून जवळजवळ सगळे ती टाळतात, आणि मग त्यांच्या सोलोत स्वर भरपूर पण लय गरीब अशी अवस्था होते.

त्यानंतर स्वरांची भर. सर्वांत सोपी म्हणजे मधला स्वर भरणं: ई दीड मात्रा, एफ अर्धी मात्रा, मग जी. इथे एफ कमजोर जागी पडतो म्हणून खपून जातो. हाच एफ पहिल्या मात्रेवर ठेवून दोन मात्रा लांबवला तर सी मेजर कॉर्डमधल्या ई शी त्याची ठोकर होते. दोघांत अर्ध्या स्वराचंच अंतर आहे, त्यामुळे कान तक्रार करतो. स्वर वाईट नव्हता, त्याचा मुक्काम वाईट होता.

दुसरी भर शेजाऱ्याची: ई, एफ, ई, प्रत्येकी अर्धी मात्रा, मग अर्धी मात्रा शांतता, आणि तिसऱ्या मात्रेवर जी. शांतता गाळू नका. ती गाळली की जी कडे येताना उगाच घाई होते.

तिसरी, खालून अर्ध्या स्वराने येणं. चौथ्या बारातल्या अगदी शेवटच्या अर्ध्या मात्रेवर डी शार्प (डी पेक्षा अर्धा स्वर वर), आणि लगेच ई. डी शार्प या पट्टीतला नाही, जी सेव्हन कॉर्डमधलाही नाही, तरी चालतो, कारण तो कुठे निघाला आहे हे ऐकणाऱ्याला समजतं. बाहेरचा स्वर घेऊन तिथेच थांबलात तर मात्र ती चूकच.

चौथी युक्ती वादक एन्क्लोजर या नावाने ओळखतात: ज्या स्वरावर पोचायचं आहे त्याला वरून आणि खालून घेरायचं. दुसऱ्या बारातल्या ए साठी पहिल्या बारात तिसऱ्या मात्रेवर जी एक मात्रा, चौथ्या मात्रेवर बी अर्धी, जी शार्प अर्धी, आणि पुढच्या बारच्या पहिल्या मात्रेवर ए. वरचा शेजारी पट्टीतला आणि खालचा अर्ध्या स्वरावरचा, हा मेळ बहुतेक ठिकाणी बसतो. नेम चुकतो तो मात्रा मोजण्यात. दोन स्वर लागतात, म्हणजे एक मात्रा आधी निघावं लागतं. मुक्कामाच्या स्वरापासून मागे मोजा, पुढे नको.

शेवटी लांब स्वर फोडा. चौथ्या बारात बी चार मात्रा धरून बसण्याऐवजी बी एक मात्रा, डी आणि एफ प्रत्येकी अर्धी, तिसरी मात्रा गप्प, चौथ्या मात्रेवर एफ अर्धी आणि डी शार्प अर्धी. मग ई. बी, डी, एफ हे जी सेव्हनचेच स्वर आहेत, आणि शेवटचे दोन पुढच्या ई ला घेरतात. एका बारात दोन युक्त्या झाल्या. याहून जास्त कोंबू नका.

वाजवून झाल्यावर समोरचा विचारतो, "हे कुठलं गाणं होतं?" मला तर चाल स्पष्ट ऐकू येत असते. (एक गिटारवादक)

तुम्हाला ती ऐकू येते कारण ती तुमच्या डोक्यात वाजते आहे. समोरच्याकडे फक्त गिटारमधून येतं तेवढंच पोचतं. रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकलंत तर डोकं गाळलेल्या जागा भरून काढतं.

उपाय असा: प्रत्येक दोन बारांमागे किमान एक स्वर खुंटीचा ठरवा. तो चालीतला असेल, आपल्या जागीच येईल, फार तर अर्धी मात्रा मागेपुढे. वरच्या चालीत पहिला ई, दुसऱ्या बारातला ए, तिसऱ्यातला एफ आणि चौथ्यातला बी या चार खुंट्या पुरेत. ई, एफ आणि बी हे आपापल्या कॉर्डचे, म्हणजे कॉर्डच्या नावाच्या स्वरापासून मोजले तर, तिसरे स्वर आहेत, त्यामुळे कॉर्ड मेजर की मायनर हेही त्यांच्यावरूनच कळतं. खुंट्यांमध्ये काहीही बांधा, खुंट्या उपटू नका.

दुसरं, चार बारांपैकी एक बार मुळातला तसाच ठेवा. आपण कशापासून दूर गेलो हे ऐकणाऱ्याला मधूनमधून दिसावं लागतं. गिटारवर एक वेगळाच घोटाळा होतो. बोटं एका ठरावीक खणात बसली की चाल त्या खणाच्या आकाराची होऊन जाते. तीच चाल एकाच तारेवर वाजवून बघा. सवयीच्या जागा नाहीशा होतात आणि कान कामाला लागतो.

माझ्या नक्षीत स्वर बरोबर असतात, पण ऐकायला कवायतीसारखं वाटतं. स्विंग, म्हणजे जॅझचा तो लयीतला डौल, येत नाही.

अर्ध्या मात्रांचे दोन स्वर सारखे वाजवत असाल. मध्यम लयीत, समजा मिनिटाला 120 मात्रा, पहिला स्वर दुसऱ्याच्या साधारण दुप्पट लांब असतो. म्हणजे मात्रेचे तीन भाग करून पहिल्याला दोन आणि दुसऱ्याला एक. मात्र हे प्रमाण कोरून ठेवलेलं नाही. लय वाढत जाते तसे दोन्ही स्वर सारखे होत जातात, आणि मिनिटाला 250 च्या आसपास ते जवळजवळ समान असतात. शिकाऊ मंडळी जलद लयीतही दोनास एक धरून बसतात आणि मग घोडं दुडकत चालल्यासारखं वाजतं.

लांबी एवढंच कारण नाही. वजन कुठे पडतं तेही बघा. आघात मात्रेवर नको, मात्रेच्या मधल्या स्वरावर थोडा द्या. फुंकवाद्यावर जीभ त्या मधल्या स्वरावर मारायची आणि तिथून पुढच्या मात्रेवरच्या स्वरात जीभ न मारता सरकायचं. गिटारवर मधला स्वर छेडून पुढचा डाव्या हाताच्या बोटाने उठवता येतो. पियानोवर सगळं बोटांच्या वजनावर असतं, म्हणून तिथे याला वेळ जास्त लागतो.

मेट्रोनोम दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ऐका. 100 ची लय हवी असेल तर तो 50 वर लावा आणि प्रत्येक टकटकीला आळीपाळीने "दोन" आणि "चार" म्हणा. "एक" आणि "तीन" दोन टकटकींच्या मध्ये तुम्ही म्हणायचे. थोड्या वेळाने टकटक पहिल्या मात्रेवर घसरल्यासारखी वाटेल. मेट्रोनोम घसरलेला नसतो. तेव्हा वाजवणं थांबवा, टाळी टकटकीबरोबर आणि पाऊल एक-तीनवर असं आठ बार करा, मग पुन्हा सुरू करा.

नोटेशन वाचून शिकावं की कानाने?

चाल कानाने उचला, नंतर कागदावर पडताळून बघा. उलट क्रमाने केलंत तर डोळ्यांसमोर कागद दिसत राहतो आणि सोलोत नजर त्यावरच खिळते. पियानोवादक आणि शिक्षक लेनी ट्रिस्टानो आपल्या शिष्यांना थोरामोठ्यांचे रेकॉर्ड झालेले सोलो वाजवायच्या आधी गायला लावायचा. गाता येत नाही ते वाजवता आलंच तर ते बोटांच्या सवयीने येतं.

मी बरीच वर्षं रागदारी शिकले आहे. कणस्वर, मींड, मुरकी हे सगळं हातात आहे. ते जॅझमध्ये तसंच वापरता येईल का?

कण आणि मींड येतील. खालून अर्ध्या स्वराचा कण लावून स्वर उचलणं तर जॅझमध्ये पावलोपावली आहे, आणि सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन किंवा आवाजात घसरत येऊन स्वर धरणंही तिथलंच. मुरकीबाबत सांभाळा. ती लयीच्या वर तरंगत घेतलीत तर ड्रम एकीकडे आणि तुम्ही एकीकडे असं होईल. तिचे स्वर मात्रेच्या तीन भागांत बसवून बघा, बहुतेक वेळा तेवढ्याने ती जागेवर येते.

खरा फरक अलंकारांत नाहीच, जमिनीत आहे. रागात षड्ज अचल असतो, म्हणून प्रत्येक स्वराचं नातं शेवटपर्यंत तेच राहतं. इथे खालचा कॉर्ड बदलला की तोच स्वर दुसराच कुणीतरी होतो. ई धरून ठेवा आणि कुणाला तरी खाली आपल्या चालीतले चार कॉर्ड वाजवायला सांगा. सी मेजरवर तो तिसरा, ए मायनरवर पाचवा, डी मायनरवर नववा आणि जी सेव्हनवर तेरावा स्वर म्हणून ऐकू येतो. नववा आणि तेरावा म्हणजे वरच्या सप्तकात मोजलेले दुसरा आणि सहावा. चारही ठिकाणी त्याची चव वेगळी आहे. मग हेच एफ घेऊन करा. सी मेजरवर तो खुपतो, डी मायनरवर घरचा होतो, जी सेव्हनवर खाली उतरायला उतावीळ होतो.

तुमच्या भाषेत सांगायचं तर न्यासाचे, म्हणजे विसाव्याचे, स्वर दर बाराला बदलतात. वर्ज्य म्हणाल तर काहीच नाही. पट्टीबाहेरचे पाचही स्वर येऊ शकतात, पण त्यांना मुक्काम करता येत नाही, पुढच्या स्वराकडे जावंच लागतं. रागदारीतून आलेल्यांची एक हमखास चूक होते: सी हाच षड्ज मानून प्रत्येक वाक्य सी वर आणून विसावतात. जी सेव्हनवर जोरदार मात्रेवर सी धरलात तर तो त्या कॉर्डमधल्या बी ला झाकून टाकतो आणि वाक्य संपल्यासारखं वाटत नाही. चौथ्या बारात विसावा बी, डी किंवा एफ वर घ्या, आणि सी साठी पहिला बार येईपर्यंत थांबा.

जमेची बाजूही मोठी आहे. एकाच वाक्याची हळूहळू बढत करायची सवय तुम्हाला आहे. ती इतरांना फार उशिरा लागते.

रोज किती वेळ द्यावा? नोकरीमुळे अर्ध्या तासापेक्षा जास्त मिळत नाही.

पंचवीस मिनिटं पुरतात. पाच मिनिटं चाल नुसती, काहीही न बदलता, पण आवाजाकडे लक्ष देऊन. दहा मिनिटं एकच युक्ती, दर फेरीत वेगळ्या बारात. पाच मिनिटं मोकळं वाजवा आणि रेकॉर्ड करा. उरलेली पाच मिनिटं आदल्या दिवशीचं रेकॉर्डिंग ऐका. लय 60 ते 80 च्या मध्ये ठेवा. एका चालीवर तीन-चार आठवडे राहा, मग तीच चाल दुसऱ्या पट्टीत. एफ आणि बी फ्लॅट (बी पेक्षा अर्धा स्वर खाली) या दोन पट्ट्या आधी घ्या, जॅझमध्ये त्या सारख्या लागतात. रोज नवीन चाल घेणाऱ्यांची प्रगती का थांबते हे कोडं नाही: त्यांचा सगळा वेळ चाल पाठ करण्यातच जातो.

चाल सोडून स्वतंत्र वाजवायला कधी सुरुवात करावी?

सोडायची तारीख नसते, ती वाजवता वाजवता सुटते. आल्टो सॅक्सोफोनवादक ली कोनित्झ शिष्यांना दहा पायऱ्या सांगायचा. पहिली पायरी म्हणजे मूळ चाल जशीच्या तशी, दहावी म्हणजे पूर्ण स्वतंत्र रचना, आणि मधल्या पायऱ्यांवर चाल थोडीथोडी विरत जाते. बहुतेकांना पहिल्या तीन-चार पायऱ्यांतच बरंच काही सापडतं. घाईने आठव्या पायरीवर उडी मारली की पुन्हा स्केलच पळू लागतात, आणि आपण पहिल्या पत्रातल्या तक्रारीपाशी येऊन पोचतो.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण म्हणून टेनर सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्सचं 1939 सालचं "बॉडी अँड सोल" ऐका. सुरुवातीचे थोडे बार चाल ओळखू येते, मग तो ती बाजूला ठेवतो आणि कॉर्डच्या आधाराने पुढे जातो. पहिल्यांदा फक्त ऐका. दुसऱ्यांदा ऐकताना मूळ चाल बरोबरीने गुणगुणत राहा. गुणगुणणं आठ बारांच्या आत तुटलं, तर तुमच्या स्वतःच्या चालीचीही तीच कसोटी घ्या: बॅकिंग ट्रॅक लावा, चाल फक्त मनात चालवा आणि हाताने तिच्यातल्या मोकळ्या जागाच भरा. चालीतला एकही स्वर वाजवायचा नाही. दोन फेऱ्या जागा न चुकता झाल्या की तिसऱ्या फेरीत चालीवरही वाजवायला हरकत नाही.

पियानोवर उजव्या हाताने हे सगळं करताना डाव्या हाताने काय करावं?

दोनच स्वर धरा, कॉर्डचा तिसरा आणि सातवा. डी मायनर सेव्हनला एफ आणि सी, जी सेव्हनला एफ आणि बी, सी मेजर सेव्हनला ई आणि बी. एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जाताना दर वेळी एकच स्वर जरासा खाली सरकतो, दुसरा जागीच राहतो. ए मायनर सेव्हनला सी आणि जी घ्या. हे स्वर मधल्या सी च्या आसपास ठेवा, फार खाली नेलेत तर गढूळ वाजतात. उजवा हात चौथ्या बारात खालच्या बी वर येतो तेव्हा दोन्ही हात एकमेकांवर चढतात, म्हणून चाल एक सप्तक वर वाजवा.